साखरपाण्यात मीठ कशाला?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमची लेक तिच्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन सावेडीला माहेरी आली होती. नगरचा उन्हाळा कसा असतो ते नगरकरांना सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी दुपारी नातवाला जुलाब सुरू झाले, संध्याकाळी दोन उलट्या झाल्या. घरात ओआरएसची पुडी होती. आम्ही दोघा नवरा-बायकोने मोठ्या शहाणपणाने ती फोडली, पेलाभर पाण्यात अर्धी पुडी कालवली आणि लेकराला पाजायला बसलो. उरलेली अर्धी पुडी चिमटा लावून ठेवली, नंतर लागेल म्हणून. पोर तोंड वेडेवाकडे करून थुंकू लागले. तेवढ्यात आमच्या थोरल्या आपा म्हणाल्या, "अगं, पाणी देऊच नका. पोटात गेलं की पुन्हा बाहेर येतंय. पोटाला जरा आराम द्या."

रात्री नऊ वाजता मूल मलूल पडले तेव्हा आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी तपासले, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, शेवटची लघवी कधी झाली ते विचारले. मग आम्ही पुडी कशी कालवली ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अख्खी पुडी, एक लिटर पाणी. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकली की ते औषध राहत नाही. जास्त खारट पाणी बाळाला त्रासच देतं. आणि पाणी बंद तर मुळीच करायचं नाही." त्यांनी समोर बसवून लिटरभर द्रावण करायला लावले आणि चमच्या-चमच्याने पाजायला सांगितले. अल्लाहच्या कृपेने पहाटेपर्यंत लेकराने दोनदा लघवी केली आणि खेळण्यासाठी हात पुढे केला. सलाइन लावावी लागली नाही.

नववीत शिकणारी आमची नात हे सारे पाहत होती. सकाळी ती पुडीवरची बारीक अक्षरे वाचत बसली आणि म्हणाली, "दादी, ताकद यावी म्हणून साखर, हे कळलं. पण साखरपाण्यात मीठ कशाला?"

"घामातून मीठ जातं ना, म्हणून," आम्ही म्हणालो.

"मग मीठ वेगळं आणि साखर वेगळी दिली तर? दोन्ही एकत्रच का? आणि एवढं मोजून का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पन्नास वर्षे आम्ही घरातल्या लहान-थोरांना मीठ-साखरेचे पाणी देत आलो, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. बकरी ईदला पुण्याहून भाची आली. ती जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. नातीने तिला धरून बसवले. मग जे ऐकले आणि त्यानंतर जे वाचले, ते वाचक भगिनी-बंधूंसमोर ठेवतो आहोत. आमच्यासारखी चूक आणखी कोणत्या घरात होऊ नये, एवढाच हेतू.

पेशीची देवडी

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. हे पटल तेलकट असते. तेलात साखर विरघळत नाही, मीठही विरघळत नाही, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणजे आपण प्यालेले साखरपाणी लहान आतड्यापर्यंत पोचले तरी आतड्याच्या पेशीत आपोआप शिरू शकत नाही. त्यासाठी पटलात दारे असतात आणि ही दारे प्रथिनांची बनलेली असतात.

दारे दोन प्रकारची असतात. नगरकरांना ती समजावून सांगणे सोपे आहे. निजामशाहीच्या काळात दूरवरच्या गावांतून शहरात पाणी आणले जाई ते जमिनीखालच्या खापरी नळांनी. आमच्या भिस्तबागेच्या परिसरातला हश्त बहिश्त बागेचा अष्टकोनी महाल असाच आणलेल्या पाण्याच्या हौदात उभा होता. नळ मोकळा असला की पाणी आपल्या उताराने वाहत जाते. पेशीच्या पटलातही असे नळ असतात.

दुसरा प्रकार मात्र जुन्या घरांच्या देवडीसारखा असतो. आमच्या लहानपणी शहरातल्या घरांना रस्त्याकडचे एक दार आणि अंगणाकडचे दुसरे दार असे. पाहुणा बाहेरच्या दाराने देवडीत येई, ते दार लागे, मग आतले दार उघडे. दोन्ही दारे एकाच वेळी सताड उघडी ठेवायची पद्धत नव्हती, कारण मग रस्त्यावरून थेट अंगण दिसे. पेशीत साखर नेणारे प्रथिन अगदी असेच वागते. ते आधी बाहेरच्या बाजूला उघडते, साखर आत घेते, बाहेरची बाजू मिटते, आणि मग आतली बाजू उघडून साखर पेशीत सोडते.

आतड्यातल्या या देवडीची एक अट आहे. ती एकट्या साखरेला आत घेत नाही. मिठातल्या सोडियमचे दोन कण सोबत असतील तेव्हाच ग्लुकोजचा एक कण आत जातो. पेशी आपल्या आतले सोडियम सतत बाहेर उपसत असते, त्यामुळे बाहेर सोडियम जास्त आणि आत कमी अशी स्थिती कायम राहते. सोडियमची आत येण्याची ओढ मोठी असते आणि त्या ओढीवरच साखरही आत ओढली जाते. साखर आणि मीठ आत गेले की त्यांच्या मागोमाग पाणी जाते. जुलाबात लेकराच्या शरीराला हवे असते ते पाणी, पण ते आत नेण्यासाठी साखर आणि मीठ दोन्ही लागतात.

नातीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. साखरपाण्यात मीठ चवीसाठी नसते, ती आत जाण्याची अट असते. घरातली साखर वापरली तरी चालते, कारण आतड्यात तिचे तुकडे होऊन ग्लुकोज मोकळे होते.

ही गोष्ट प्रथम मांडली रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने, ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरातल्या एका परिषदेत. तेव्हा तो केवळ तर्क होता. दार कोणी पाहिले नव्हते.

बनगावच्या छावणीत

या तर्काची किंमत लवकरच कळली. पटकीच्या आजारात आतड्यातून पाणी आणि क्षार भराभर बाहेर पडतात, मीठ शोषून घेण्याचे इतर मार्ग मंदावतात. पण साखर-मिठाची ही देवडी मात्र पटकीतही शाबूत राहते. म्हणजे नुसते पाणी पाजले तर ते वाहून जाईल, नुसते मीठपाणीही फारसे टिकणार नाही, पण मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिले तर शरीर ते घेईल. १९६८ मध्ये ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांचे स्थानिक सहकारी डॉ. रफीकुल इस्लाम यांनी रुग्णांवर हे सिद्ध केले.

तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या भरून घेतल्या, पिंपांत पाणी घेऊन द्रावण केले आणि ते रुग्णांच्या आई-बहिणींच्या हाती दिले. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, हे द्रावण घेतलेल्यांत ते प्रमाण चारच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

पुढे बांगलादेशात १९८० ते १९९० या दशकात 'ब्रॅक' संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा लिटरच्या आसपास पाणी, एवढे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना स्वतःच्या हाताने करायला शिकवले. त्यातल्या कित्येक जणींना अक्षरओळख नव्हती. पण प्रमाण त्यांनी पाठ केले, आणि आम्ही मात्र पुडीवर लिहिलेले न वाचता ती अर्धी फोडली.

जे डोळ्यांना दिसत नाही

नातीचा पुढचा प्रश्न होता, "ते दार कोणी पाहिलंय का?"

माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. पेशीचे पटल जेमतेम ५-६ नॅनोमीटर जाडीचे. साध्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान वस्तू स्पष्ट दिसू शकत नाही, भिंग कितीही चांगले असो, कारण प्रकाशाच्या लाटाच ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या असतात. जाड सुताने बारीक सुईत ओवायला जावे तसे ते आहे. मग हे दार उघडते, मिटते, हे कळणार कसे?

तेथे उपयोगी पडते ते वर्णपटशास्त्र, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपी. वस्तूवर प्रकाश टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशात कोणता रंग किती आहे ते मोजायचे. वस्तू दिसली नाही तरी प्रकाश तिची खबर घेऊन येतो.

प्रकाशाची अशी परीक्षा घेण्याची परंपरा जुनी आहे. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून प्रकाश सरळ रेषेत जातो हे दाखवले. सुमारे तीनशे वर्षांनी कमालुद्दीन फारसी यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्याला पावसाचा थेंब मानून इंद्रधनुष्याचा उलगडा केला. आपल्या देशात सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेला शोधही हाच, की रेणूवरून विखुरलेला प्रकाश किंचित रंग बदलून येतो आणि त्यावरून रेणूची ओळख पटते. म्हणून त्या दिवशी आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो.

भाचीने आम्हाला एक प्रयोग करून दाखवला. दुकानात नोटा तपासायला जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा असतो ना, तो आमच्या ओळखीच्या कापड दुकानदाराकडून मागून आणला. दोन काचेचे पेले घेतले. एकात पाणी, एकात गोडेतेल, आणि दोन्हींत चिमूट-चिमूट हळद ढवळली. खोलीतले दिवे मालवून तिने तो दिवा पेल्यांवर धरला. पाण्यातली हळद मळकट पिवळी दिसली. तेलातली हळद मात्र हिरवट पिवळ्या उजेडाने चमकू लागली. (असा दिवा थेट डोळ्यांत कधी पाहू नये, आणि मुलांनी तो मोठ्यांच्या समोरच वापरावा.)

"हळद तीच," भाची म्हणाली, "पण ती तेलात आहे की पाण्यात, हे तिच्या चमकण्यावरून कळतं. आता समजा, दाराच्या फळीला अशा चमकणाऱ्या रंगाचा एक ठिपका लावला. फळी हलली की ठिपका कधी तेलकट जागेत, कधी पाण्याच्या बाजूला येईल. चमक बदलेल. दार दिसलं नाही तरी दार हललं हे कळेल."

शास्त्रज्ञांनी केले ते नेमके हेच, फक्त हळदीऐवजी दुसरा रंग घेऊन.

बेडकाच्या अंड्यातले दार

१९८७ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नेस्ट राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या प्रथिनाचे जनुक सापडले. त्यांनी सशाच्या आतड्यातला संदेश बेडकाच्या अंड्यात टोचला. अंड्याने तो संदेश वाचून ते दार स्वतःच्या पटलात बसवले आणि एरवी साखर न ओढणारे अंडे साखर ओढू लागले. या प्रथिनाला एसजीएलटी-१ असे नाव आहे. माणसाच्या शरीरात ते ६६४ दुव्यांच्या साखळीचे असते.

१९९८ मध्ये याच गटाने साखळीतला ४५७ क्रमांकाचा एक दुवा बदलून तेथे ऱ्होडामीन जातीच्या चमकणाऱ्या रंगाचा ठिपका चिकटवला. मग अंड्याभोवतीच्या पाण्यात कधी सोडियम दिले, कधी काढून घेतले, कधी साखर घातली, आणि प्रत्येक वेळी चमक मोजली. सोडियम आले की चमक बदले, साखर आली की पुन्हा बदले. म्हणजे सोडियम आल्यावर दार आकार बदलते आणि साखर आल्यावर आणखी बदलते. क्रेन यांनी १९६० मध्ये कागदावर काढलेल्या चित्रात आता हालचाल दिसू लागली होती.

एक ठिपका दार हलले एवढे सांगतो. किती हलले हे मोजायला दोन ठिपके लागतात. एका रंगाचा ठिपका एका फळीवर, दुसऱ्या रंगाचा समोरच्या फळीवर. पहिल्यावर प्रकाश पाडला आणि दुसरा जवळ असला, तर पहिला आपली ऊर्जा दुसऱ्याला देतो आणि दुसरा चमकतो. अंतर वाढले की ही देवघेव झपाट्याने घटते. १९६७ मध्ये लुबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉगलंड यांनी दाखवले, की ही जणू रेणूंची मोजपट्टी आहे. १ ते १० नॅनोमीटर एवढ्या अंतरासाठी ती कामी येते, आणि प्रथिनांची दारे याच मापाची असतात.

तिसरी रीत चुंबकाची. प्रथिनावर एक असा रेणू लावायचा ज्यात एक सुटे इलेक्ट्रॉन असते, आणि चुंबकात ठेवून त्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या. ते इलेक्ट्रॉन कोणत्या लहरी शोषते त्यावरून त्याच्या आजूबाजूला किती मोकळीक आहे ते कळते. प्रथिनाच्या हव्या त्या जागी असा रेणू बसवण्याची पद्धत वेन हबेल यांच्यासह हरगोविंद खोराना यांनी घडवली, आणि १९९० मध्ये ती एका वाहक प्रथिनावरच वापरून दाखवली. खोराना अविभाजित पंजाबातल्या सुमारे शंभर वस्तीच्या खेड्यात जन्मले. त्यांचे वडील पटवारी होते आणि गावात लिहिता-वाचता येणारे जवळजवळ तेवढेच एक कुटुंब होते. गरिबी असूनही वडिलांनी मुलांचे शिक्षण थांबवले नाही. त्या घरातला मुलगा १९६८ चा नोबेल मानकरी झाला.

आतड्यातल्या आपल्या दाराचे एक भावंड एका समुद्री जिवाणूत सापडते. तो जिवाणू पटकीच्या जिवाणूच्याच कुळातला. २००८ मध्ये या भावंडाची रचना क्ष-किरणांनी कळली. पण क्ष-किरणांचे चित्र म्हणजे दाराचा एका क्षणी काढलेला फोटो. २०१८ मध्ये सुट्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांमधले अंतर मोजून ते दार सोडियम आणि साखर मिळाल्यावर कोणकोणत्या स्थितींतून जाते ते तपासले गेले. देवडीची दारे आळीपाळीने उघडतात हे असे टप्प्याटप्प्याने, साठ वर्षांत उलगडत आले आहे.

आपल्या राज्यात

हे सारे परदेशातच घडते असे समजू नये. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, स्थापना १९४५ ची. तेथे प्रकाशाच्या अतिशय छोट्या झोतांनी प्रथिनांची हालचाल मोजण्याचे काम अनेक वर्षे झाले आहे, आणि मोठ्या चुंबकांच्या साह्याने रेणूंची रचना तपासण्याचे राष्ट्रीय केंद्रही तेथेच आहे. १९६२ मध्ये होमी भाभांनी याच संस्थेत जीवशास्त्राचा विभाग उभा करायला अलीगढ विद्यापीठात शिकलेल्या ओबेद सिद्दीकी या तरुणाला बोलावले. सिद्दीकी यांनी पुढे अमेरिकेतल्या सीमोर बेंझर यांच्यासोबत अशा माश्यांचा अभ्यास केला ज्या उष्णता वाढली की लुळ्या पडत. त्या माश्यांच्या मज्जातंतूंमधून विजेचे संदेश जाणे थांबत असे. त्यातल्या एका प्रकारच्या माश्यांमध्ये दोष होता तो सोडियमच्या दारात, हे नंतर कळले. सोडियम येथेही आलेच. २००६ मध्ये सिद्दीकी यांना पद्मविभूषण मिळाले.

आमची नात हे ऐकत होती. "म्हणजे भौतिकशास्त्र घेतलं तरी पोटाच्या आजारावर काम करता येतं?" तिने विचारले. भाची म्हणाली, "येतं. आमच्या प्रयोगशाळेत निम्मं काम दिव्याचं आणि आरशाचंच असतं." घरात मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण डॉक्टर किंवा शिक्षिका, एवढ्यावरच थांबतो. या दोन्हींच्या मधला हा रस्ताही आपल्या मुलींना ठाऊक असावा.

किडनीतले दुसरे दार आणि रमजान

या दाराचा एक नातलग आपल्या किडनीत असतो. किडनी दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळते आणि ती जवळजवळ सगळी परत रक्तात घेते. त्यातली बहुतेक साखर परत आणणारे दार म्हणजे एसजीएलटी-२. मधुमेहात हे दार साखर परत आणतच राहते. १८३५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत एक कडू पदार्थ सापडला होता. तो हीच दारे अडवतो हे पुष्कळ उशिरा उमगले. त्याच्यावरून आजची 'ग्लिफ्लोझिन' कुळातली औषधे घडली. ती दार अडवतात आणि जादा साखर लघवीवाटे निघून जाते. त्यातल्या डापाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट २०२० मध्ये संपले आणि ते पुष्कळ स्वस्त झाले. आज आपल्या कित्येक घरांत वडीलधारे ही गोळी घेतात.

येथे एक काळजीची गोष्ट सांगायला हवी. साखर लघवीवाटे जाताना सोबत पाणीही नेते. आतड्यात साखर-मिठामागे पाणी आत जाते, येथे साखरेमागे पाणी बाहेर जाते. नियम एकच. त्यामुळे उन्हाळ्यातल्या लांब रोज्यात अशा रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी होण्याचा धोका असतो. रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटावे, रोजा ठेवावा का, गोळी कोणती, किती आणि कोणत्या वेळी घ्यायची, हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. शेजाऱ्याने सांगितले म्हणून गोळी बंद करू नये आणि स्वतःच्या मनाने वेळही बदलू नये.

एवढे लक्षात ठेवा

आता पुन्हा स्वयंपाकघरात येऊ. नातीचा शेवटचा प्रश्न बाकी होता. एवढे मोजून का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरभर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असते. यात सोडियम आणि ग्लुकोज यांचे कण सारख्या संख्येने येतात. साखर फार झाली, तर दारातून आत न गेलेली साखर आतड्यात पडून राहते आणि उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते. जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर रक्तातले सोडियम वाढते, आणि लहान बाळाला ते धोक्याचे असते. आमची अर्धी पुडी पेलाभर पाण्यात हीच चूक होती.

म्हणून, पुडी अख्खी फोडावी आणि तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात विरघळवावी. मोठी पुडी एक लिटरची असते, छोट्या पुड्या कमी पाण्याच्याही मिळतात. पाणी उकळून गार केलेले असावे. केलेले द्रावण चोवीस तासांनी टाकून द्यावे.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरू नये, वरून सुरी फिरवून सपाट करावा.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेली झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करावी.

बाजारात फळांच्या स्वादाची गोड पेये 'ओआरएस'च्या नावाने विकली जात. त्यांत साखर फार असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली. दुकानदाराकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी मागावी, सरकारी दवाखान्यातही ती मिळते.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले, किंवा पाणी पिताच येईना, तर घरात वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या थोरल्या आपांना आम्ही हे सारे समजावले. देवडीचे उदाहरण त्यांना पटकन पटले, कारण त्या अशाच घरात वाढल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही." त्यांचे एक मूल लहानपणी असेच उन्हाळ्यात गेले होते, हे आम्हाला ठाऊक होते. त्यावर आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच नातीला हाक मारली आणि कपाटातला स्टीलचा मोठा तांब्या काढायला लावला. नातीने बाटलीने मोजून त्यात एक लिटर पाणी ओतले आणि जेथे पाणी आले तेथे खिळ्याने बारीक खूण केली. तो तांब्या आता आमच्या स्वयंपाकघरात पुड्यांच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. आपल्याही घरी अशी एक खूण करून ठेवा.